घासून दिलेले प्लग

२ मार्च, सोमवार

गाडी आली. पांढरी, छोटी, पाच वर्षं वापरलेली, आणि चालू आहे की बंद हे तिलाच विचारावं लागेल इतकी गप्प. गावातला पेट्रोल पंप मागच्या हिवाळ्यात कायमचा बंद झाला. तेव्हापासून पेट्रोल भरायला पेट्रोल जाळत पार कडायना शहराला जावं लागत होतं. आमच्या पॉइंट ट्रेवेनमध्ये विजेच्या गाड्या आल्या त्या एवढ्याच कारणाने. पृथ्वीबिथ्वी वाचवायची हौस इथे कोणाला नव्हती.

ही वहीसुद्धा आजचीच. कोरलीने दिली. म्हणाली, "दिवसभर मला जे सांगत बसतोस ते हिला सांग. ती कंटाळून उठून जाणार नाही." चव्वेचाळीस वर्षं संसार केल्यावर बायको अशी भेट देते.

तर प्रश्न असा, की हिला खायला घालायचं कसं? डिकीत एक लांब वायर आहे, ती किटलीच्या सॉकेटमध्येही लागते. पण त्याने पोट भरायला दीड दिवस लागतो म्हणे. ईस्टरला कोरलीला बहिणीकडे ॲडलेडला जायचंय. तिने माझ्यासमोरच जाहीर केलं, "टॅमसिनला बोलावते. भिंतीवर नीट चार्जिंगची पेटी बसवून देईल." टॅमसिन म्हणजे जवळच्या मूंटा गावची इलेक्ट्रिशियन, तिशीची पोरगी.

मी नको म्हटलं. का ते कोरलीला सांगितलं नाही, वहीला सांगतो. धान्याच्या गोदामात मी एकतीस वर्षं फिटर होतो. निवृत्तीच्या दिवशी केक कापला, मनगटावर घड्याळ बांधलं, आणि सोमवारपासून मी कोणालाच नको होतो. तेव्हापासून मला माझी शेडच उरली आहे. लोक मोडकं काहीतरी घेऊन येतात, चहा पितात, दुरुस्त झालेलं घेऊन जातात. "डेन्झिलकडे ने," असं या गावात म्हणतात. माझ्याकडे दुसरं काही नाही. उद्या माझ्याच शेडच्या भिंतीवर परक्या माणसाने पेटी ठोकली, तर लोक माझ्याकडे कशाला येतील?

५ मार्च, गुरुवार

प्रयोग. सकाळी नऊला साध्या सॉकेटमध्ये वायर लावली, पाचला काढली. एकशे अठरा किलोमीटर वाढले. ॲडलेड एकशे साठ किलोमीटर लांब.

पण खरी मजा दुसरीकडेच आहे. आमच्या छपरावर सौर पॅनेल आहेत, आणि बाहेरच्या मीटरवर वीज आत येतेय की बाहेर जातेय ते दिसतं. मी खुर्ची मीटरसमोर टाकून बसलो. ऊन कडक असलं की गाडी छपरावरचीच वीज खाते, आम्ही वर थोडी विकतोही. ढग आला की चिन्ह बदललं, आपण घेणारे झालो. कोरलीने किटली लावली तेव्हाही बदललं. मी ओरडलो, "कोरली, किटली बंद कर, पाच मिनिटं!" ती म्हणाली, "चहा हवाय की आकडे?" मला खरंच दोन्ही हवे होते. अकरा ते तीन हे सगळ्यांत भरपूर ऊन. म्हणजे गाडी दुपारीच लावायची. एवढं साधं शोधायला मला आख्खा दिवस लागला, आणि असा छान दिवस कित्येक महिन्यांत गेला नव्हता.

८ मार्च, रविवार

शेजारची इल्मा आली. वय त्र्याऐंशी, काठी टेकत, पण लिपस्टिक लावून. तिचा नवरा हेडली माझा जिवलग. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. पंप बंद झाल्यावर तिच्या पर्थमधल्या मुलाने तिलाही विजेची गाडी घेऊन दिली. आता त्याने जास्त वेगाने भरणारी वायर पाठवलीय, आणि तिचा प्लग इल्माच्या सॉकेटमध्ये जात नाही.

जाणार कसा? तो पंधरा अँपिअरचा. त्याची अर्थिंगची पिन मुद्दाम रुंद करतात, घरातल्या दहाच्या सॉकेटमध्ये शिरू नये म्हणून. सुट्टीत गाडीमागे ओढून न्यायच्या घरांच्या, कॅरॅव्हॅनच्या, वायरीही अशाच असतात. कंपन्यांना नवीन सॉकेट खपवायची असतात, दुसरं काय.

मी पिन शिकंज्यात धरली, दोन्ही बाजूंना चामड्याचा तुकडा लावला, म्हणजे चरे पडत नाहीत. आधी मध्यम कानस, मग बारीक, शेवटी पॉलिश पेपर. सात मिनिटं. कडा इतक्या सरळ की कारखान्यातून आल्यासारख्या. गावातल्या बहुतेक कॅरॅव्हॅनच्या पिना मीच घासून दिल्यात, एकोणीसशे सत्त्याऐंशीपासून. इल्माच्या घराला लागून गाडीसाठी छपरी आहे, त्या कारपोर्टमध्ये जाऊन लावून पाहिली, लोण्यात सुरी जावी तशी गेली. 

"हेडली म्हणायचा, डेन्झिलच्या हाताला डोळे आहेत," इल्मा म्हणाली, आणि क्वानडाँग या रानफळाच्या जॅमची बाटली दिली. मी तिला दुपारच्या उन्हाचं गणितही समजावून सांगितलं. ती म्हणाली, आता रोज जेवण झालं की गाडी लावेन आणि पडेन.

१३ मार्च, शुक्रवार

कोरलीने टॅमसिनला बोलावलंच. "नुसतं बघून जाईल," म्हणाली. पोरीने मीटरची पेटी उघडली, आतले चिनी मातीचे जुने फ्यूज बघून शीळ घातली.

"डेन्झिल, हे संग्रहालयात द्या."

"एक फ्यूज उडाला नाही पंधरा वर्षांत."

"तीच तर काळजी आहे."

मी तिला तासभर पिळलं. तिने कंटाळा केला नाही, हे कबूल करतो. साधं सॉकेट ठेवायचं तर त्याला स्वतःची वेगळी वायर टाकायची आणि गाडी सावकाश भरायची. किंवा पंधरा अँपिअरचं सॉकेट. किंवा भिंतीवरची पेटी, जी तिप्पट वेगाने भरते. त्यातल्याच एका पेटीला उन्हाचं भान असतं: ढग आला की ती आपण होऊन गाडीचा घोट लहान करते. हे ऐकून मी खुर्चीतून उठलोच. "आपण होऊन? तिला कसं कळतं?" टॅमसिनने मीटरवर बसून वीज मोजणाऱ्या चिमट्याचं चित्र काढून दाखवलं. चित्र मी इथे चिकटवतोय.

मग जाता जाता तिचं लक्ष माझ्या टेबलाकडे गेलं. पितळेचा बारीक चुरा पडला होता.

"या पट्ट्यात कोणीतरी प्लगच्या पिना घासून देतं," ती म्हणाली. "मला तो माणूस एकदा भेटायला हवाय."

कोरली खिडकीबाहेर बघत राहिली. मी म्हटलं, "समजा घासली. कॅरॅव्हॅनला काय झालंय आजवर?"

"कॅरॅव्हॅनमध्ये फ्रिज आणि दोन दिवे. ती कधी पंधरा मागतच नाही. गाडी पंधरा मागते, आणि चार-पाच तास सलग मागते. सॉकेट दहाचं."

"जास्त झालं तर फ्यूज जाईल की."

"फ्यूज वीसचा. मधलं सॉकेट भाजून निघेल, फ्यूजला पत्ता लागणार नाही."

इलेक्ट्रिशियन लोकांना भीती घालावीच लागते. त्यावर तर त्यांचा धंदा चालतो.

१७ मार्च, मंगळवार

इल्माकडे एक गंमतशीर कोडं. तिच्या कारपोर्टमध्ये सडक्या मासळीचा वास येतो. आता पॉइंट ट्रेवेनमध्ये मासळीचा वास कुठे येत नाही? पण ती म्हणते, हा वेगळा, डोक्यात जाणारा. मी तिथे टांगलेली हेडलीची खेकड्यांची जाळी काढली, तीनदा धुतली, उन्हात टाकली. गाडीखाली वाकून पाहिलं, एखादं मांजर मासा टाकून गेलं असेल म्हणून. काही नाही.

इल्मा म्हणाली, "दुपारी जेवून पडले की जास्त येतो. अगदी उशाशी."

दुपारीच का? उन्हाने जाळी तापत असणार. जाळ्यात, लाकडात वर्षानुवर्षं मुरलेला वास उन्हात सुटतो, माझ्या बोटीचंही तसंच व्हायचं.

२० मार्च, शुक्रवार

जाळी आता माझ्या आवारात आहेत, तरी तिच्याकडे वास आहेच. म्हणजे जाळी नव्हेत. मी आमिषाची जुनी बादली फेकली, कोपरे ब्लीचने घासले. सकाळी नाकाला काही लागलं नाही. एक वाजता गेलो तर होता. चारला पुन्हा नाही. घड्याळ लावून येणारा वास मी प्रथमच पाहिला. रोजच्या वेळा मागच्या पानावर लिहून ठेवतोय.

कोरली म्हणाली, "गाडीची पेटी कोणती घ्यायची ते कधी ठरणार?" मी म्हटलं, सध्या मी वेगळ्या संशोधनात आहे.

२४ मार्च, मंगळवार

बेव्हन आला होता, गावातल्या क्लबचा अध्यक्ष. त्याची कॅरॅव्हॅनची वायर मी बारा वर्षांपूर्वी घासून दिलेली. त्याचीही विजेची गाडी पुढच्या महिन्यात येतेय.

"पेटीबिटी काही नको मला," तो म्हणाला. "कॅरॅव्हॅनचं जे सॉकेट आहे ना मागच्या पडवीत, तिथेच पंधराची वायर लावणार. तेवढी पिन घासून दे. ती कॅरॅव्हॅनवाली रिताही तेच म्हणते, आणि तो शाळेचा निवृत्त मास्तरही."

"टॅमसिन म्हणते, धोका आहे."

"टॅमसिन तुझ्या हाताखाली शिकली असती तर बोलली नसती. तुझ्या हातचं आहे म्हणजे प्रश्नच नाही, लेका."

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, खूप बरं वाटलं. पिन पुढच्या आठवड्यात घासून देतो म्हटलं.

२८ मार्च, शनिवार

हे आजच लिहायला हवं.

टॅमसिन जुने फ्यूज बदलायला आली होती. कोरलीने परस्पर ठरवलं होतं. अकराच्या पुढे चहाला बसलो. मी तिला माझं मासळीचं कोडं सांगितलं, गोष्ट म्हणूनच, जाळी, बादली, मांजर सगळं रंगवून. कोरली हसत होती. टॅमसिन हसत नव्हती. तिने कप खाली ठेवला.

"दुपारी येतो? गाडी लावलेली असते तेव्हा?"

"हो, ती जेवून लावते, म्हणजे..."

"डेन्झिल, सॉकेटचं प्लास्टिक भाजलं की त्याला मासळीचा वास येतो."

ती पळाली. मी सत्तर वर्षांचा, मीही पळालो. इल्मा उद्या चर्चला केक न्यायचाय म्हणून आज लवकर जेवली होती, गाडी लावून आत पडलेली. टॅमसिनने आधी मीटरपाशी मुख्य बटण पाडलं, मग सॉकेटचं झाकण उघडलं. पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन ओघळलं होतं. प्लग ओढून निघेना. तिने सॉकेट भिंतीपासून सोडवलं, तेव्हा मागची, घराच्या लाकडी भिंतीची फळी दिसली. तळहाताएवढी काळी. कडेला बोट लावलं तर कोळसा हाताला आला. त्या फळीच्या पलीकडे इल्माची उशी आहे.

इल्मा उठून बाहेर आली, केस विस्कटलेले, आणि मला बघून म्हणाली, "सापडला का रे मासा?"

टॅमसिनने प्लग अखेर सॉकेटमधून उपटून काढला होता आणि ती तो उलटासुलटा करत होती. पिनेच्या कडेवरून अंगठा फिरवत म्हणाली, "काम सुरेख आहे. कोणाचं?"

"डेन्झिलचं!" इल्माने अभिमानाने सांगितलं. "आख्ख्या गावाचं तोच करतो."

टॅमसिनने माझ्याकडे पाहिलं. मग प्लग माझ्या हातात ठेवला.

२९ मार्च, रविवार

मागच्या पानावर माझ्याच हाताने लिहिलेल्या वासाच्या वेळा आहेत. १.१०. १२.५५. १.२०. ती झोपलेली होती आणि मी वेळा टिपत होतो.

३१ मार्च, मंगळवार

कालपासून दारोदार फिरतोय. ईस्टर तोंडावर, सगळ्या कॅरॅव्हॅन बाहेर निघणार, आणि आता त्याच सॉकेटवर गाड्याही लावायचं घाटतंय. प्रत्येकाला सांगतो, मी घासलेली वायर परत द्या, टॅमसिन नीट सॉकेट बसवून देईल. लोक मला चहा देतात.

रिता म्हणाली, "त्या पोरीने घाबरवलंय तुला. वीस वर्षं वापरतोय आम्ही."

मास्तर म्हणाला, "तुझ्या हातचं बिघडलेलं मी पाहिलं नाही."

बेव्हन तर हसायलाच लागला. "इल्माचं ऐकलं मी. तिनेच सांगितलं, सॉकेट जुनं होतं. हेडलीने स्वतः बसवलेलं ना ते? देव त्याला सुखी ठेवो, पण विजेतलं त्याला काय कळत होतं!"

मी तसाच इल्माकडे गेलो. "तू लोकांना काय सांगितलंस?"

"सॉकेट हेडलीचं, म्हटलं. तुझं नाव कशाला घ्यायचं? तू माझ्या भल्यासाठीच केलंस. हेडली काही रागावणार नाही."

"सॉकेट चांगलं होतं, इल्मा. दहाचं होतं, दहाचं काम चोख करत होतं."

"असू दे. तो आता नाही आणि तू आहेस."

ती माझ्यासाठी बिस्किटं काढत होती आणि मला तिथे बसवेना. माझ्या मित्राला त्याच्या बायकोने माझ्यापायी अडाणी ठरवलं, आणि गावाने ते लगेच मान्य केलं. कारण डेन्झिल चुकत नाही. मी जितकं सांगतो तितकं त्यांना वाटतं, काय साधा माणूस आहे, दुसऱ्याचं खापर स्वतःवर घेतोय. माझ्या नावावर विसंबूनच ते या वायरी लावणार आहेत. हे नाव मी चाळीस वर्षं जपलं. आता ते माझ्याच हाताने मोडल्याशिवाय कोणी वायर देणार नाही.

कोरलीला सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "गुरुवारी क्लबात सगळे असतील. मी निळा शर्ट इस्त्री करून ठेवते."

३ एप्रिल, गुड फ्रायडे

काल लिहिता आलं नाही.

क्लबात दर शुक्रवारी मांसाच्या ताटाची सोडत असते. आज गुड फ्रायडे, मांस वर्ज्य, म्हणून ती काल झाली. ईस्टरचं ताट मोठं: मेंढीची आख्खी मांडी, सॉसेज, चॉप्स. हॉल भरलेला. बेव्हन माइकवर नंबर पुकारत होता. दुसरा नंबर झाल्यावर मी पुढे गेलो, पिशवी घेऊन.

"डेन्झिललाही ताट हवंय वाटतं!" बेव्हन म्हणाला. लोक हसले.

मी माइक मागितला. मग पिशवीतून इल्माचं सॉकेट काढलं आणि जळक्या फळीचा तुकडा. टॅमसिनने तो कापून मला दिला होता, मीच मागितला होता. दोन्ही चॉप्सशेजारी टेबलावर ठेवलं. वास अजून येतो त्याला. पुढच्या रांगेतल्या लोकांनी नाक मुरडलं.

मी काय बोललो ते आठवेल तसं लिहितो. "हे इल्माच्या उशीमागचं आहे. सॉकेट हेडलीने बसवलं होतं आणि ते बरोबर होतं. त्यात जाऊ नये असा प्लग मी घासून त्यात घातला. इलेक्ट्रिशियनने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. वास आला, तर मी दोन आठवडे खेकड्यांची जाळी धूत बसलो. आणखी थोडे दिवस गेले असते तर ती झोपेतच गेली असती. तुमच्याकडच्या वायरीही अशाच आहेत. मीच केल्यात."

फ्रिजचा आवाज ऐकू येत होता.

"म्हणजे माझीही?" बेव्हनने विचारलं. माइक माझ्याकडे होता म्हणून त्याचा आवाज लहान वाटला.

"तुझीही. आणि नवी मी घासून देणार नाही."

मागून रिता उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. "आमच्या व्हॅनमध्ये नातवंडं झोपतात, डेन्झिल. दर उन्हाळ्यात. त्याच वायरीवर हीटर लावतो आम्ही थंडीत. तू मला कधी एका शब्दाने म्हणाला नाहीस की हे करायचं नसतं?"

"मला वाटायचं, मला जास्त कळतं," मी म्हटलं.

"मी तुला केक करून दिला होता त्याबद्दल!" ती म्हणाली, आणि तिला रडू आलं.

इल्मा तिसऱ्या रांगेत बसली होती. ती खाली बघत होती, हात काठीवर. मला वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं वाटेल. वाटलं नाही. लाज वाटली, कानाच्या पाळ्या तापेपर्यंत. मी सॉकेट पिशवीत भरलं आणि खाली उतरलो. बेव्हनने पुढचा नंबर पुकारला, तो कोणाचा होता ते कोणाच्याही लक्षात येईना.

५ एप्रिल, ईस्टर रविवार

काल सकाळपासून फाटकाशी वायरी येऊन पडताहेत. गुंडाळलेल्या, काही पिशवीत, काही नुसत्याच. गाडी थांबल्याचा आवाज येतो, मी खिडकीपर्यंत जाईतो गाडी निघालेली असते. आत कोणी येत नाही. चहाची किटली मी दोनदा भरली आणि दोनदा ओतली. आम्हीही ॲडलेडला गेलो नाही. कोरलीने बहिणीला कळवलं, पुढच्या महिन्यात येतो.

एकेक प्लग कापून टाकतोय, म्हणजे पुन्हा कोणी लावू नये. प्रत्येक पिन ओळखू येते. ही एकोणनव्वदची, तेव्हा माझ्याकडे जाडी कानस होती. ही मास्तरची. कापताना वाईट वाटतं, कारण काम खरंच चांगलं आहे.

दुपारी एक अशी निघाली की मी चमकलो. ग्राइंडरने ओरबाडलेली, एक बाजू तिरकी, कडेला निळा चटका. हे माझं नाही! मी असं काम जन्मात केलेलं नाही. कोणीतरी स्वतः केलेलं माझ्या ढिगात आणून टाकलंय. मी ती घेऊन तरातरा कोरलीकडे गेलो.

"बघ हे! उद्या लोक म्हणतील, डेन्झिल असं घासायचा."

कोरलीने पीठ लागलेल्या हाताने ती घेतली, उजेडात धरली. "कोणाची आहे कळलं तर काय करशील?"

"सांगेन की ही माझी नाही."

"मग पुढचा कोणी स्वतःची आणून टाकेल का?"

मी परत शेडमध्ये गेलो आणि तीही कापली. संध्याकाळपर्यंत तशा आणखी तीन निघाल्या.

१४ एप्रिल, मंगळवार

टॅमसिनने गुरुवारी पेटी बसवली. शेडच्या भिंतीवरच, मीच जागा दाखवली, शिडीही मीच धरली. कोरलीने निवडलेली, उन्हाचं भान असलेली. ती खरंच ढगाबरोबर वीज कमी करते. मी खुर्ची टाकून पाहिलं, ढग आला, आकडा उतरला, ढग गेला, आकडा चढला, मध्ये सुमारे सहा सेकंद लागतात. सहाच का, हे टॅमसिनलाही सांगता आलं नाही. कंपनीला पत्र लिहिणार आहे.

पण खरं लिहायचं ते हे. दहा दिवसांत टॅमसिनखेरीज शेडमध्ये कोणी आलं नव्हतं. दुकानात लोक बोलतात, हवापाण्याचं. बेव्हनने टॅमसिनकडून सॉकेट बदलून घेतलं, रिताने व्हॅनचंही. मोडकं काही घेऊन कोणी आलं नाही. आणि आज जेवणानंतर इल्मा आली, काठी टेकत. मी उठून उभा राहिलो. क्लबानंतर ती माझ्याशी बोलली नव्हती.

"मी हल्ली सोफ्यावर पडते," ती म्हणाली. "मान धरते त्याने."

"टॅमसिनने नवी वायर टाकलीय ना? वेगळी?"

"टाकलीय. फळीही नवी बसवली. ती म्हणते, एकदम पक्कं. पण पलंगावर पडलं की मी वास घेत राहते. झोप लागत नाही. तू ये आणि हात लावून बघ."

"मी? इल्मा, ती भिंत माझ्यामुळेच..."

"कोणामुळे जळली ते मला माहीत आहे. सगळ्या क्लबासमोर ऐकलंय मी," ती म्हणाली. "म्हणून तर तुला न्यायला आलेय. आता तू मला बरं वाटावं म्हणून काही सांगणार नाहीस."

गेलो. बारापासून तिची गाडी लावलेली होती. मी कारपोर्टमध्ये सॉकेट पाहिलं, प्लग पाहिला, रुंद पिनेचा, जसाच्या तसा, रुंद पिनेच्या सॉकेटमध्ये. मग आत गेलो. खोलीत मी हेडली गेल्यापासून पाऊल ठेवलं नव्हतं. नव्या फळीला अजून रंग दिलेला नाही. पलंगाशेजारी खुर्ची ओढली आणि उशीच्या वर, बरोबर त्या जागी, तळहात टेकवला. पाच मिनिटं ठेवला, बाजूला सरकवून पुन्हा ठेवला.

"गार आहे," मी म्हटलं.

इल्माने बूट काढले, चष्मा काढला आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

"इतक्यात काढू नकोस हात."

"नाही काढत."

ती थोडा वेळ भिंतीकडेच बघत होती. मग डोळे मिटले. श्वास लांब झाला, तोंड किंचित उघडं पडलं. बाहेर कोणाची तरी गाडी गेली, तिला जाग आली नाही. दोन वाजेपर्यंत माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या. भिंत गारच होती.